एका शब्दाचा बोजा

वडील निवृत्त झाले त्या संध्याकाळी घरी आले, पिशवी खुंटीला अडकवली आणि आईला म्हणाले, "चार्ज दिला." आईनं पाण्याचा तांब्या पुढे केला. त्या दोन शब्दांचा अर्थ आमच्या घरात कुणी कुणाला विचारत नसे. वडील पाटबंधारे खात्यात कारकून होते. बदली झाली की चार्ज द्यायचा, नव्या गावी गेलं की चार्ज घ्यायचा, साहेब रजेवर गेले की त्यांचा चार्ज दुसऱ्याकडे जायचा. चार्ज म्हणजे किल्ल्यांचा जुडगा, कपाटं, डेडस्टॉक रजिस्टर, खुर्च्या-टेबलांची यादी आणि त्या यादीखाली दोघांच्या सह्या. शाळेत इंग्रजी सुरू होण्याआधीच हा इंग्रजी शब्द मला येत होता. पुढे आयुष्यभर इंग्रजीतून मराठीत लिहिण्याचं काम केलं आणि ज्या शब्दापाशी मी सर्वांत जास्त चुकलो, तो हाच.

पहिली अकरा वर्षं मी एका मराठी दैनिकात उपसंपादक होतो, बहुतेक रात्रपाळीला. नंतर बँका, रुग्णालयं, प्रकाशक यांच्यासाठी भाषांतरं करू लागलो. या कामात एक सवय लागते. अवघड शब्द आला की हात आपोआप कोशाकडे जातो, सोपा शब्द आला की लेखणी थांबतच नाही. 'हायपोथिकेशन'साठी मी तीन कोश चाळले होते आणि 'नजरगहाण' हा मराठी शब्द सापडल्यावर झालेला आनंद अजून आठवतो. वस्तू कर्जदाराकडेच राहते, वापरात राहते, सावकाराची तिच्यावर फक्त नजर असते, एवढं सगळं त्या एका शब्दात आहे. त्याच कागदावर वरच्याच ओळीत 'चार्ज' होता. त्याच्यासाठी मी एकही पान उलटलं नाही. त्या कागदाचं पुढे सांगतो. आधी बातमीचं सांगायला हवं, कारण ते जास्त जड आहे.

१९९४ चा पावसाळा. वृत्तसंस्थेच्या यंत्रावर रात्री दहानंतर एक छोटी इंग्रजी बातमी आली. राज्य शासनाच्या एका खात्यात झालेल्या खरेदीच्या प्रकरणात पाच कर्मचारी 'चार्जशीटेड' झाले आहेत, एवढाच तिचा मजकूर. खाली पाच नावं. त्यातलं एक नाव आमच्या जिल्ह्यातलं होतं, म्हणून बातमी आमच्या पहिल्या पानाची झाली. पान सोडायला चाळीस मिनिटं होती. मी लिहिलं, की पोलिसांनी पाच कर्मचाऱ्यांविरुद्ध न्यायालयात आरोपपत्र दाखल केलं आहे. मथळा तीन स्तंभी दिला आणि त्यात जिल्ह्यातल्या त्या गृहस्थांचं नाव घातलं.

मूळ इंग्रजीत पोलिस नव्हते, न्यायालयही नव्हतं. ते दोन्ही मी आणले.

कसे आणले, हे मला नंतर नीट उलगडलं. त्या इंग्रजी वाक्यात कर्ताच नव्हता. पाच जण 'चार्जशीटेड' झाले, पण कुणी केले ते वाक्य सांगत नव्हतं, आणि इंग्रजी वाक्याचं त्यावाचून काही अडत नाही. आमच्या डेस्कवर 'करण्यात आले', 'देण्यात आले' अशा वाक्यांना मज्जाव होता. कोण करतो ते सांगा, कर्ता आणा, असं आमचे वृत्तसंपादक रोज बजावत. शिकवण चांगलीच होती. मी कर्ता आणला, पण तो कोण असावा याचा शोध न घेता मनानं बसवला. आरोपपत्र म्हटलं की पोलिस, आणि पोलिस म्हटले की न्यायालय, इतकं सरळ मला वाटलं.

तिसऱ्या दिवशी ते गृहस्थ कार्यालयात आले. वय पन्नाशीच्या पुढचं. पांढरा इस्त्रीचा शर्ट, पावसात भिजू नये म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेलं कात्रण. आवाज चढवला नाही. "साहेब, ही बातमी तुम्ही केली का?" मी त्यांच्या निम्म्या वयाचा. हो म्हणालो. त्यांनी कात्रण टेबलावर पसरलं आणि 'पोलिसांनी' या शब्दावर बोट ठेवलं. "पोलिस कुठून आले यात? ऑफिसनं चार्जशीट दिली आहे, ते खरं. त्याचं उत्तर मी ऑफिसला देईन. पोलिस आमच्या दारात कधी आलेले नाहीत."

माझे वडील सरकारी नोकर होते. 'अमक्याला चार्जशीट दिली' हे वाक्य मी घरात जेवताना ऐकलेलं होतं. खात्याच्या चौकशीत कर्मचाऱ्याच्या हाती जे दोषारोपपत्र देतात, त्यालाही सगळं कार्यालय चार्जशीटच म्हणतं. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांसाठी त्याचे नियम आहेत, महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९. मोठी शिक्षा करायची असेल तर आधी दोषारोप लेखी द्यावे लागतात, कर्मचाऱ्याला बचावाचं लेखी निवेदन करू द्यावं लागतं, मग चौकशी अधिकारी साक्षी-पुरावे पाहतो. म्हणजे चार्जशीट हा चौकशीचा आरंभ असतो. त्यात अटक नाही, कोठडी नाही, न्यायाधीशही नाही. हे मला माहीत होतं. त्या रात्री आठवलं नाही. माहीत नसण्यापेक्षा हे वाईट, असं मी आजही मानतो.

जाताना त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. वीस वर्षं घरी दूध घालणारा माणूस, महिन्याच्या शेवटी पैसे घेणारा. बातमी आली त्या सकाळी त्यानं दूध ओतण्याआधी त्या तारखेपर्यंतचे पैसे मागितले. "दिले मी," ते म्हणाले. "त्याचंही बरोबर आहे. त्यानं पेपर वाचला."

आम्ही खुलासा छापला. सातव्या पानावर, चार ओळींचा, हवामानाच्या चौकटीखाली. तीन स्तंभी मथळ्याला चार ओळींचं उत्तर. मी वृत्तसंपादकांकडे पहिल्या पानासाठी आग्रह धरायला हवा होता. मी तो धरला नाही, कारण जितका खुलासा मोठा तितकी माझी चूक मोठी दिसणार होती.

त्यानंतर मी 'चार्ज'च्या न्यायालयीन पायऱ्या शिकलो, एका वकील मित्राकडे बसून. पोलिसांत गुन्हा नोंदवला जातो ती एक पायरी. तपास संपल्यावर पोलिस न्यायालयाला अहवाल देतात, ही दुसरी. आपण त्याला आरोपपत्र म्हणतो. गंमत नव्हे, महत्त्वाची गोष्ट अशी, की १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १७३ त्याला नुसता पोलिस अहवाल म्हणत होतं, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ती तरतूद त्याच नावानं कलम १९३ मध्ये आहे. 'चार्ज' हा शब्द कायद्यानं तिसऱ्या पायरीसाठी राखून ठेवला आहे. न्यायाधीश कागद पाहतात आणि खटला चालवण्याइतका आधार आहे असं वाटलं तर आरोप निश्चित करतात. तसा आधारच नसेल तर त्याच टप्प्यावर आरोपीला सोडतात; त्याला इंग्रजीत 'डिस्चार्ज' म्हणतात. पुरावा होऊन, सगळा खटला चालून सुटणं ही वेगळी गोष्ट. मराठी बातम्यांत या दोन्हींना सर्रास 'दोषमुक्त' लिहितात. मी पहिल्यासाठी 'खटला न चालवता आरोपातून मुक्त' असं लांबलचक लिहू लागलो. मथळ्यात ते बसत नाही. न बसलं तर मथळा बदलावा.

इंग्रजी बातमीतलं साधं 'चार्ज्ड' यातल्या कुठल्याही पायरीवर बसू शकतं. गुन्हा नोंदवला, अहवाल दिला, आरोप निश्चित झाले. तीन वेगळ्या गोष्टी. ज्या माणसाबद्दल लिहितो त्याच्या दारातल्या दूधवाल्याला तो फरक आपण सांगितला नाही, तर कोण सांगणार?

त्याच डेस्कवर पुढच्या मार्चमध्ये मी आणखी एकदा चुकलो. राज्याच्या अर्थसंकल्पावरच्या इंग्रजी मजकुरात 'चार्ज्ड एक्स्पेंडिचर' असं होतं. मी 'वसूल केलेला खर्च' लिहिलं. मंत्रालयातून निवृत्त झालेल्या एका वाचकाचं आंतरदेशीय पत्र आलं. संविधानाच्या अनुच्छेद २०२ मध्ये काही खर्च थेट राज्याच्या एकत्रित निधीवर टाकलेले आहेत. राज्यपालांचं वेतन, उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींचे पगार, राज्याच्या कर्जावरचं व्याज. सभागृहात त्यांवर चर्चा होऊ शकते, मतदान होत नाही, कारण न्यायमूर्तींचा पगार दर वर्षी आमदारांच्या मतावर अवलंबून राहू नये. पत्राच्या शेवटी त्यांनी लिहिलं होतं, की आपल्या अर्थसंकल्पाच्या पुस्तकांत यासाठी शब्द आहे, आपण पाहिला नाही. मतदानाला जाणारा खर्च तो 'दत्तमत' आणि हा 'भारित'.

भारित. हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा लक्षपूर्वक पाहिला, आणि तिथपासून या शब्दाच्या मुळाशी जायची ओढ लागली. 'चार्ज' फ्रेंचमधून इंग्रजीत आला, फ्रेंचमध्ये तो उत्तरकालीन लॅटिनमधून आला. तिथे त्याचा अर्थ गाडीवर ओझं लादणं. मुळाशी 'कारुस' म्हणजे गाडी. आजची 'कार' तिथलीच आणि जहाजातला 'कार्गो'ही त्याच घरातला. म्हणजे चार्जचे सगळे अर्थ एका भरलेल्या गाडीतून उतरलेले आहेत. कुणावर तरी काहीतरी लादलं जातं. कामाचं ओझं, दोषाचं ओझं, पैशाचं ओझं. बंदुकीत दारू ठासतात तेही भरणंच, म्हणून तोही चार्ज. आपल्याकडे विहीर खोदताना सुरुंगाचा जो 'बार' भरतात तो. अठराव्या शतकात विजेवर प्रयोग करणाऱ्यांनी काचेच्या बरणीत वीज साठवली, तेव्हा तीही बंदुकीसारखी 'भरली', आणि पुढे मोबाइलपर्यंत आली.

आणि मग मराठीकडे पाहिलं. कार्यभार. पदभार. प्रभारी. विजेचा प्रभार. भारित खर्च. वातावरण 'भारलेलं' असतं, ताईत मंत्रानं 'भारतात'. आपल्या भाषेनं प्रत्येक ठिकाणी तोच भार ओळखून उचललेला होता. कुणी एका माणसानं बसून हे ठरवलेलं नाही. पदनामांचे कोश करणारे, पाठ्यपुस्तकं लिहिणारे, कचेरीतले कारकून, गावचे तलाठी, सगळ्यांनी आपापल्या जागी केलं. मी त्याच भाषेत वाढलो आणि माझ्या हातून 'शुल्क' लिहिलं गेलं.

तो कागद आता सांगतो. डेस्क सोडून दोनेक वर्षं झाली होती. एका बँकेनं कर्जाच्या कागदांची मराठी प्रत करायला दिली, शब्दामागे मोबदला. त्यात जामीनदारानं सही करायचा एक फॉर्म होता. त्यातल्या एका कलमाचा अर्थ असा होता, की जामीनदाराच्या शेतजमिनीवर बँक चार्ज निर्माण करू शकेल. मी लिहिलं, 'जामीनदाराच्या शेतजमिनीवर बँक शुल्क आकारू शकेल.' 'नजरगहाण' सापडल्याच्या आनंदात त्या ओळीवरून हात सरळ पुढे गेला. बँकेत कुणी तपासलं नाही. तपासायचं काम त्यांचं होतं असं म्हणता येईल, पण ओळ माझी होती.

सांगली जिल्ह्याच्या द्राक्षपट्ट्यातल्या एका शेतकऱ्यानं चुलतभावासाठी त्या फॉर्मवर सही केली. तो शिकलेला, फॉर्म वाचून सही करणारा माणूस. त्यानं विचारलंही होतं, जमिनीवर शुल्क किती. समोरच्यानं सांगितलं, सध्या काही नाही. काही नाही तर नाही, म्हणून त्यानं सही केली. दोन वर्षांनी त्यानं वीस गुंठे विकायला काढले. ग्राहक ठरला, विसार घेतला, आणि तलाठ्याकडून नवा सातबारा काढला तेव्हा 'इतर अधिकार' या रकान्यात बँकेचा बोजा निघाला. ग्राहक मागे फिरला. विसार परत द्यावा लागला, आणि त्यातले काही पैसे आधीच ठिबकच्या नळ्यांत गेले होते.

मला हे बँकेच्या शाखेतून कळलं. मी त्या गावी गेलो. जाऊन काय करणार हे ठरलेलं नव्हतं, पण घरी बसवेना. शेतकरी मला सरळ तलाठी कार्यालयात घेऊन गेला. तिथल्या भाऊसाहेबांनी उतारा माझ्यापुढे ठेवला. "तुम्ही शुल्क लिहिलंत. आमच्याकडे याला बोजा म्हणतात. कर्ज फिटलं की बँक दाखला देते, आम्ही फेरफार घालतो आणि बोजा कमी होतो. शुल्क एकदा भरलं की संपतं. बोजा जमिनीवर बसून राहतो." त्यांनी मला आणखी एक नोंद दाखवली. सोसायटीच्या पीककर्जाची, पुढे 'इकरार' असं लिहिलेली. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ४८ प्रमाणे सभासद जमिनीवर चार्ज असल्याचं जे घोषणापत्र देतो, ते गावात इकरार म्हणून ओळखलं जातं. अरबीतून आलेला, कबुली या अर्थाचा शब्द. कितीतरी ठिकाणी तो 'ई करार' असा फोडून लिहिलेला दिसतो.

इंग्रजीतल्या एका शब्दासाठी त्या कचेरीत दोन अचूक मराठी शब्द रोज वापरात होते, आणि भाषांतराचे पैसे मी घेतले होते.

तिथे चूक सुधारून मी निघालो असं वाटत होतं. पण सुधारताना पुन्हा चुकलो. बँकेला दिलेल्या दुरुस्त प्रतीत मी काही ठिकाणी 'बोजा' लिहिलं आणि काही ठिकाणी, वाक्य छान वाटावं म्हणून, 'गहाण'. या वेळी सहकार खात्यात काम केलेल्या एका स्नेह्यांनी प्रत वाचली आणि तांबड्या शाईनं खुणा केल्या. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमात गहाण कलम ५८ मध्ये आहे आणि चार्ज कलम १०० मध्ये, ते उगाच नाही. गहाणात मालमत्तेतला काही हक्क घेणाऱ्याकडे जातो. चार्जमध्ये तसा हक्क जात नाही, फक्त देण्याची वसुली त्या मालमत्तेतून होण्याची सोय होते. शेतकऱ्याला 'तुझी जमीन गहाण आहे' असं सांगणं आणि 'तुझ्या जमिनीवर बोजा आहे' असं सांगणं यात त्याच्या झोपेचा फरक आहे. सुंदर वाक्यासाठी शब्द बदलत राहणं ललित लेखनात चालत असेल. दस्तऐवजात एका गोष्टीला एकच शब्द हवा, तो दहा वेळा आला तरी.

चुलतभावाचं कर्ज पुढे फिटलं, बोजा कमी झाला. वीस गुंठे त्या किमतीला पुन्हा विकले गेले नाहीत. त्या शेतकऱ्याचा मला दर दिवाळीला फोन येतो, आणि प्रत्येक वेळी मला अपराधी वाटतं.

रुग्णालयाच्या पत्रकातली चूक थोडक्यात सांगतो, कारण ती वेळेत सापडली. शस्त्रक्रियेनंतर घरी जाणाऱ्या रुग्णांसाठीच्या सूचना होत्या. जखमेतून काही 'डिस्चार्ज' दिसला तर ताबडतोब कळवा, अशी एक ओळ. वरच्या चार ओळींत 'डिस्चार्ज' म्हणजे घरी सोडणं असंच होतं, त्या ओघात मी इथेही 'घरी सोडल्यावर ताबडतोब कळवा' असं लिहून गेलो. पत्रकं छापली गेली. वॉर्डातल्या एका सिस्टरनं पहिल्याच दिवशी गठ्ठा अडवला आणि प्रत्येक पत्रकावर पेननं लिहिलं, 'टाक्यांतून पाणी, पू किंवा रक्त आलं तर लगेच या.' माझ्या सुधारित मसुद्यात मी 'स्राव' लिहिणार होतो. तिचं वाक्य वाचून तेच ठेवलं. स्राव हा शब्द टाके घातलेल्या माणसाच्या घरात कुणी बोलत नाही.

आणि इलेक्ट्रॉनची चूक. एका किशोर मासिकासाठी विज्ञानलेख लिहिताना मी इलेक्ट्रॉनच्या 'चार्ज'साठी 'भार' वापरला. भार हे मूळ मला सापडलं होतं ना, मग त्याचाच मोह. एका शाळेतल्या बाईंनी पोस्टकार्ड पाठवलं. त्यांच्या वर्गात मुलं गोंधळली होती. अणुभार म्हणजे अणूचं वजन असं त्यांना शिकवलेलं, विजेच्या बिलावर 'मंजूर भार' असतो तो जोडणीची क्षमता सांगणारा, भारनियमन म्हणजे वीज जाणं. मग इलेक्ट्रॉनचा भार यातला कोणता? पाठ्यपुस्तकात 'प्रभार' आहे, तोच का नाही लिहिला? त्यांचं बरोबर होतं. इलेक्ट्रॉनचं वस्तुमान किलोग्रॅममध्ये मोजतात आणि प्रभार कूलोममध्ये. व्युत्पत्ती कळल्याचा अभिमान मुलांच्या डोक्यावर लादायचा नसतो. त्या बाईंच्या पोस्टकार्डानंतर मी घरातलं विजेचं बिलही बारकाईनं वाचलं. 'स्थिर आकार', 'वीज आकार', 'वहन आकार' आणि त्यांच्यापासून वेगळं 'वीज शुल्क'. पुरवठा करणारी कंपनी सेवेपोटी मागते तो आकार, सरकार कर म्हणून घेतं ते शुल्क. इंग्रजी बिलात पहिल्याला चार्ज आहे आणि दुसऱ्याला ड्यूटी. ज्या शेतकऱ्याच्या फॉर्मवर मी 'शुल्क' लिहिलं, तिथे ते पैशाच्या अर्थानंही नेमकं नव्हतं.

आता माझ्याकडे एक वही आहे. तिची पहिली सहा पानं या एका शब्दाची. इंग्रजी मजकुरात चार्ज आला की मी पेन खाली ठेवतो आणि समासात तीन गोष्टी लिहितो. कुणी, कुणावर, काय ठेवलं. तिन्हींची उत्तरं मजकुरात मिळाली नाहीत तर फोन करतो. १९९४ च्या त्या रात्री 'कुणी' या एका प्रश्नाचं उत्तर मजकुरात नव्हतं, आणि कार्यालयात दोन फोन होते.

गेल्या वर्षी घर बदललं. जुन्या कागदांच्या खोक्यात मला एक पाकीट सापडलं, दैनिकाच्या पत्त्यावर आलेलं, माझ्या नावचं. आत त्या गृहस्थांचं पत्र आणि सोबत खात्याच्या आदेशाची झेरॉक्स. बातमीनंतर अडीच वर्षांनी आलेलं. चौकशी संपली होती, त्यांच्यावरचे दोषारोप सिद्ध झाले नव्हते. त्यांनी लिहिलं होतं, 'आपल्या सोयीनं छापावे ही विनंती.' ते पाकीट मी तेव्हा उघडलं होतं, वाचलं होतं. प्रकरण जुनं झालं, आता बातमी होत नाही, असं स्वतःशी म्हणून ते खणात ठेवलं होतं. नोकरी सोडताना खणातल्या इतर कागदांबरोबर ते घरी आलं. बाकीच्या सगळ्या चुकांना घाई, अज्ञान, निष्काळजीपणा अशी काही ना काही नावं देता येतात. या वेळी मला शब्द नीट कळला होता. ओझं उतरवायचं काम माझं होतं आणि मी ते उतरवलं नाही.

मी त्यांच्या गावी गेलो. ते सहा वर्षांपूर्वी वारले. मुलगा भेटला, माझ्याच वयाचा. मी पाकीट त्याच्यापुढे ठेवलं आणि सगळं सांगितलं. तो बराच वेळ त्या आदेशावरची तारीख पाहत राहिला. मग म्हणाला, "आईला वाचून दाखवतो." आत गेला. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाला, "आता नाव नका छापू. पण छापा."

म्हणून इथे छापतो आहे.

खुलासा. १९९४ च्या पावसाळ्यात आमच्या दैनिकाच्या पहिल्या पानावर, पोलिसांनी पाच सरकारी कर्मचाऱ्यांविरुद्ध न्यायालयात आरोपपत्र दाखल केल्याची बातमी आली होती. ती चुकीची होती. आमच्या जिल्ह्यातल्या ज्या कर्मचाऱ्याचं नाव मथळ्यात होतं, त्यांच्यावर पोलिसांनी कधीही गुन्हा नोंदवला नव्हता आणि न्यायालयात कधीही खटला नव्हता. खात्याच्या चौकशीत त्यांच्यावरचा एकही दोषारोप सिद्ध झाला नाही. बातमी मी लिहिली होती.